अंगण रोज नवं की रोज तेच? स्ट्रॅटेजी गेममध्ये रँडम मॅप घ्यावा की बनवलेला

शनिवारी रात्री साडेदहाला आम्ही सहा जण ऑनलाइन जमतो, एज ऑफ एम्पायर्स टू खेळायला, आणि अकरापर्यंत काय करतो तर भांडतो. कशावरून, तर मॅप कुठला घ्यायचा. एकाला अरेबिया पाहिजे, एकाला ब्लॅक फॉरेस्ट, एक म्हणतो कुठलाही टाका च्यायला जे येईल ते येईल, आणि सहाव्याला काहीच पडलेलं नसतं कारण तो टोरोंटोला असतो, त्याच्याकडे दुपारचा एक वाजलेला असतो आणि तो जेवत असतो. हॉस्टेलवर लॅनची वायर खिडकीतून खिडकीत टाकून खेळायचो तेव्हाही हेच भांडण होतं. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू की रँडम मॅप आणि बनवलेला मॅप यात नक्की फरक काय, कारण बरेच जण (मी धरून) वर्षानुवर्षं चुकीच्या मुद्द्यावर भांडत होतो.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. स्ट्रॅटेजी गेम म्हणजे वरून दिसणारी जमीन, तिच्यावर तुमचं गाव, लोक लाकूड तोडतायत, सोनं खणतायत, त्यातून सैन्य उभं करायचं आणि समोरच्याचं गाव पाडायचं. ती जमीन म्हणजे मॅप. एक तर ती कुणीतरी माणसानं बसून हातानं आखलेली असते, प्रत्येक झाड न् प्रत्येक टेकाड ठरलेलं, आज खेळा नाहीतर दहा वर्षांनी खेळा, तीच. नाहीतर गेम सुरू होताना कॉम्प्युटर तिथल्या तिथं बनवतो, या वेळी सोनं डावीकडे आलं तर पुढच्या वेळी मागच्या बाजूला. कॅरम आणि रमी धरा. कॅरमचा बोर्ड कधी बदलत नाही, भोकं चारच आणि कोपऱ्यातच, सगळा खेळ हाताचा. रमीत आधी पिसायचं, मग वाटायचं, मग आलेल्या पानांशी झटापट.

इथपर्यंत सगळ्यांना कळतं आणि इथंच गाडी घसरते, कारण लोक लगेच म्हणतात की बनवलेला मॅप म्हणजे स्किल आणि रँडम म्हणजे नशीब. मीही म्हणायचो. पण रँडम मॅप आतून कसा बनतो ते एकदा बघितलं की हे वाक्य परत तोंडातून निघत नाही.

अरेबिया घ्या. १९९९ ला एज टू आला तेव्हापासूनचा मॅप, उघडा, वाळवंटी, आणि अजूनही ऑनलाइन खेळणाऱ्यांचा सगळ्यात लाडका. तो रँडम आहे. पण किती रँडम? बहुतेक सिव्हिलायझेशनना (म्हणजे खेळायला घेतलेल्या संस्कृतींना) सुरुवातीला १ टाउन सेंटर (गावाची मुख्य इमारत), ३ व्हिलेजर (कामकरी), १ स्काउट (टेहळ्या), २०० फूड, २०० लाकूड, १०० सोनं, २०० दगड मिळतात, हे तर ठरलेलंच. शिवाय टाउन सेंटरला लागून ४ मेंढ्या, जरा लांब दोन-दोनच्या जोडीनं आणखी ४, मग २ रानडुकरं, बेरीची झुडपं, थोडी हरणं, एक मोठी सोन्याची खाण, दगडाची खाण, हे सगळं प्रत्येकाला मिळतं. कुठे मिळेल तेवढं फक्त माहीत नसतं. पंगतीत कसं, प्रत्येक पानावर मीठ लिंबू चटणी कोशिंबीर आलीच पाहिजे, कुणाचं पान अर्धं राहता कामा नये, पण भाजीतली बटाट्याची मोठी फोड कुणाच्या वाटीत पडेल ते वाढप्याच्या डावावर.

हे सगळं ज्यात लिहिलेलं असतं ती एक साधी टेक्स्ट फाइल असते, तिला स्क्रिप्ट म्हणतात, नोटपॅडमध्ये उघडून कुणालाही वाचता येते. त्यात कॉम्प्युटरला सांगितलेलं असतं की आधी सगळीकडे अमुक जमीन अंथर, मग खेळाडूंना साधारण गोलाकार बसव म्हणजे कुणी कोपऱ्यात अडकणार नाही, मग टेकड्या उठव, मग जंगलाचे पुंजके टाक, आणि शेवटी वस्तू ठेव. त्या ठेवतानाही अटी असतात, म्हणजे सोनं प्रत्येक खेळाडूसाठी ठेव, गावापासून कमीत कमी इतक्या घरांवर (बुद्धिबळाच्या पटासारखी जमिनीची चौकोनी घरं) आणि जास्तीत जास्त इतक्या. आणि गंमत अशी की अटीत बसणारी जागाच सापडली नाही तर गेम ती वस्तू ठेवतच नाही, गुपचूप पुढे जातो. स्क्रिप्ट गचाळ लिहिलेली असेल तर कधी कधी एखाद्याच्या वाट्याला दगडाची खाणच येत नाही, ती यातूनच. म्हणजे तुम्ही ज्याला नशीब म्हणता ते बऱ्याच वेळा स्क्रिप्ट लिहिणाऱ्याची झोप असते.

आणखी एक. गेम खरे फासे टाकतच नाही. तो एक आकडा घेतो आणि त्याच्यावर ठरावीक गणितं करत करत पुढचे वाकडेतिकडे दिसणारे आकडे काढत जातो. त्या पहिल्या आकड्याला सीड म्हणतात, सरळ अर्थ बी. तेच बी, तीच स्क्रिप्ट, तीच साइझ, गेमचं तेच व्हर्जन, की तोच मॅप उगवतो, शेवटच्या झाडापर्यंत. मग मला सांगा, सीड लिहून ठेवला आणि तोच मॅप दहादा खेळला तर तो रँडम राहिला की बनवलेला झाला? मॅप एकच आहे. फरक एवढाच की पहिल्यांदा खेळताना तुम्हाला तो माहीत नव्हता आणि दहाव्यांदा माहीत होता. मला हे कळलं तेव्हा डोक्यात एकदम लाइट लागली. रँडमपणा जमिनीत नसतोच, तुम्हाला ती जमीन आधीपासून ठाऊक आहे की नाही यात असतो. म्हणजे मॅप निवडताना तुम्ही नशीब की स्किल असं निवडतच नाही, तुम्ही निवडता की आज कुठलं स्किल तपासायचं, बघून ओळखण्याचं की आधी घोकून येण्याचं.

अरेबियावर बघून ओळखावं लागतं. पहिल्या दोन-तीन मिनिटांत स्काउट आपल्या गावाभोवती गोल गोल फिरवायचा, मेंढ्या शोधायच्या, डुक्कर कुठंय, सोनं कुठंय, जंगल कुठल्या बाजूला आहे. आता समजा तुमचं मोठं सोनं नेमकं शत्रूच्या दिशेला आलं. याला आम्ही फॉरवर्ड गोल्ड म्हणतो आणि शिव्या देतो. पण चांगला खेळाडू शिव्या देत नाही, तो लगेच ठरवतो की आज भिंत मागून नाही, सोन्याच्या पुढून घालायची, किंवा सोनं फार न लागणारं सैन्य काढायचं, किंवा आपणच आधी चढाई करायची म्हणजे समोरचा आपल्या सोन्यापर्यंत येणारच नाही. टेकडीचंही तसंच. या गेममध्ये उंचावरून मारलं की २५ टक्के जास्त नुकसान होतं आणि खालून वर मारलं की २५ टक्के कमी, म्हणजे तुमच्या खाणीच्या डोक्यावर टेकाड असेल तर तिथं तुम्ही बसलेलं बरं, दुसरा बसला तर संपलात. यातलं काहीच घरून पाठ करून येता येत नाही.

तरी पाठांतर शून्य आहे असंही नाही हां. पहिले ६ व्हिलेजर मेंढ्यांवर, पुढचे ४ लाकडावर, मग एक जण डुक्कर ओढून आणायला, मग ४ बेरीवर, हे सगळ्यांचं पाठ असतं, आणि ते चालतं कारण स्क्रिप्ट गॅरंटी देते की मेंढ्या, डुक्कर, बेरी असणारच. (डुक्कर ओढताना व्हिलेजर मारून घेणं हा वेगळा विषय. पंधरा वर्षं खेळतोय, अजून मरतो.) म्हणजे सुरुवात घोकलेली आणि पुढचं सगळं बघून. माझ्या मते अरेबिया इतकी वर्षं टिकला तो या मिश्रणामुळे, नुसता रँडम असता तर कधीच लोक कंटाळले असते.

बुद्धिबळात हेच बॉबी फिशरनं केलं होतं. लोक ओपनिंग घोकून येतात याचा त्याला वैताग आला होता, म्हणून १९९६ मध्ये त्यानं मागच्या रांगेतली सोंगटी पिसून मांडायचा प्रकार जाहीर केला. पण मोकाट पिसायची नाहीत, राजा दोन हत्तींच्या मध्येच पाहिजे, एक उंट पांढऱ्या घरात आणि एक काळ्या, आणि दोन्ही बाजूंना मांडणी सारखीच. या अटींत बसणाऱ्या मांडण्या ९६० होतात. तीही एक स्क्रिप्टच की.

आता दुसरं टोक, स्टारक्राफ्ट. १९९८ चा गेम, कोरियात तर टीव्हीवर लीग चालायच्या, आणि तिथं स्पर्धेत सगळे मॅप हातानं बनवलेले. रँडमचा विषयच नाही. का? तर तिथं इंच इंच मोजून खेळ चालतो. स्टारक्राफ्ट टूमध्ये तुमच्या बेसमधून खाली उतरणारा जो उतार असतो, तो नेहमीच्या मॅपवर इतक्याच रुंदीचा ठेवतात की टेरन जातीनं खेळणाऱ्यानं दोन सप्लाय डेपो आणि एक बॅरॅक या इमारती ठेवल्या की तो बरोब्बर बंद होतो. उतार एका घरानं रुंद निघाला तर भिंतीला फट, फटीतून झर्ग आत, गेम खलास. तिथं तीन जाती, टेरन, झर्ग, प्रोटॉस, तिन्हींचं सैन्य पूर्ण वेगळं, कुणी कड्यावरून उडी मारतं, कुणी उडून जातं, कुणाला अरुंद जागा सोयीची तर कुणाला मोकळं मैदान. कॉम्प्युटरनं आपला कडा दोन घरं इकडं टाकला तर तिघांपैकी एकाचा फायदा आणि दुसऱ्याचं वाटोळं. एज टूमध्ये सिव्हिलायझेशन पन्नासच्या घरात असली तरी मूळ साचा एकच, तेच व्हिलेजर, तेच टाउन सेंटर, म्हणून तो गेम थोडी वाकडी जमीन पचवतो, स्टारक्राफ्टला ते झेपत नाही.

हातानं बनवलेला मॅपही सरळच असतो असं समजू नका. स्टारक्राफ्टचा लॉस्ट टेम्पल नावाचा फेमस मॅप, ४ जणांचा, त्यात दुसऱ्या बेसच्या डोक्यावर कडा होता. टेरनवाले विमानातून टँक आणून त्या कड्यावर उतरवायचे आणि खालच्या बिचाऱ्याची खाणच बंद पाडायचे. माणसानं बनवलेली चूक, पण सगळ्यांना माहीत असलेली, त्यामुळे लोक तिच्यावर उपायही पाठ करून यायचे.

आणि यातनं एक फार भारी गोष्ट झाली जी स्टारक्राफ्टबाहेर फारशी कुणाला माहीत नसते. ब्रूड वॉरमध्ये (पहिल्या स्टारक्राफ्टची वाढीव आवृत्ती, स्पर्धा तिच्यावरच चालायच्या) सैन्याच्या ताकदीत शेवटचा बदल कंपनीनं केला २००१ मध्ये. त्यानंतर कुठल्या युनिटचं बळ कमी नाही, किंमत जास्त नाही, काही नाही. मग इतकी वर्षं खेळ समतोल कसा राहिला? मॅप बदलून. एखाद्या सीझनला झर्ग फार जिंकायला लागले की पुढच्या सीझनचे मॅप बनवणारे वाटा अरुंद करायचे, तिसऱ्या बेसची जागा अवघड करायचे. नियम तेच, अंगण थोडं वाकवलं. क्रिकेटमध्ये क्युरेटर पिचवर गवत ठेवतो की काढतो तसंच हे.

बरं, मग रँडममध्ये नशीब नाहीच का? आहे की. मी कितीही अरेबियाची बाजू घेतली तरी कधी कधी माझं सोनं मैदानात उघडं आणि समोरच्याचं जंगलाच्या कुशीत, अशा वेळी नाचता येईना अंगण वाकडं म्हणायचा मला पूर्ण हक्क आहे, कारण अंगण खरंच वाकडं असतं. यावर लोकांनी उपाय काढलेत. एक, स्पर्धेत एकच गेम नाही, तीन, पाच, सात गेमची मालिका, म्हणजे वाकडं अंगण दोघांच्या वाट्याला आलटून पालटून येतं. किंग ऑफ द डेझर्ट नावाची एज टूची स्पर्धा आहे, त्यात तर सगळे गेम अरेबियावरच, नाव एकच पण जमीन दर गेमला नवी. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, मॅप रँडमच पण सगळ्यांना तोच द्यायचा. सिव्हिलायझेशन नावाचा वेगळा गेम आहे, तो खेळणाऱ्यांमध्ये गेम ऑफ द मंथ हा प्रकार चालतो, एकच सेव्ह केलेली सुरुवात सगळे आपापल्या घरी खेळतात आणि मग तुलना करतात. माहीत कुणालाच नाही आणि सारखं सगळ्यांना. डुप्लिकेट ब्रिज (पत्त्यांचा खेळ, वाटलेली तीच पानं सगळ्या टेबलांवर खेळतात) खेळणाऱ्यांना हे लगेच कळेल.

सिव्हिलायझेशनचा विषय निघालाच आहे तर तिथं हा प्रश्न जरा वेगळा होतो, कारण तो गेम अर्धा तर शोधण्याचाच आहे. १९९१ च्या पहिल्या सिव्हमध्येही दोन्ही होतं, नवीन जग बनवा किंवा खरी पृथ्वी घ्या. त्याच्याही आधी, १९८४ मध्ये सेव्हन सिटीज ऑफ गोल्ड नावाचा गेम आला होता, डॅनिएल बंटन यांच्या टीमचा, समुद्र ओलांडून नवी भूमी शोधायचा, आणि त्यातही खरी अमेरिका किंवा कॉम्प्युटरनं बनवलेला नवा खंड अशी निवड होती. त्यांचा मुद्दा बरोबरच होता, ज्याला नकाशा पाठ आहे त्याला कोलंबस होता येत नाही.

सिव्ह सिक्समध्ये ट्रू स्टार्ट लोकेशन म्हणून प्रकार आहे, खरी पृथ्वी आणि प्रत्येक देश आपापल्या जागी. पहिल्यांदा खेळताना लय मजा येते, भारत घ्यायचा, वर हिमालय, खाली समुद्र, मन भरून येतं. पण युरोपात बघा, रोम, फ्रान्स, जर्मनी, सगळे चाळीतल्या खोल्यांसारखे एकमेकांना चिकटून, दुसरं शहर टाकायला जागा नाही, आणि तिकडं अमेरिकावाला अख्खा खंड घेऊन निवांत. खरा नकाशा म्हणजे सारखा नकाशा नव्हे, खऱ्या जगात कुणी पंगत लावून वाढलेलंच नाही. त्यामुळे खरी पृथ्वी मी गोष्टीसाठी खेळतो, चुरशीसाठी नाही. युरोपा युनिव्हर्सालिस फोर या गेमवाल्यांनी २०१४ मध्ये यावर मधला मार्ग काढला होता, युरोप आशिया आफ्रिका खरे ठेवायचे आणि फक्त अमेरिका दर खेळाला नवीन बनवायची, म्हणजे पश्चिमेला जहाज सोडताना खरंच पोटात गोळा येतो.

सिव्हमध्ये रँडमचा एक रोगही आहे. शहराला गोडं पाणी मिळालं तर ५ घरांची सोय, नुसता किनारा असेल तर ३, पाणीच नसेल तर २, त्यामुळे पहिल्या टर्नला नदी दिसली नाही की हात आपोआप रीस्टार्टवर जातो. मग परत, मग परत. मी एकदा रात्री चाळीस मिनिटं नुसतं रीस्टार्ट करत होतो, नदी पाहिजे, डोंगर पाहिजे, शेजारी नको, आणि शेवटी हवं ते मिळालं तेव्हा झोप आली. शिवाय इतकं निवडून घेतल्यावर तो रँडम कसला, तो तर तुम्हीच बनवलेला मॅप झाला, फक्त फार कष्टानं.

आता प्रत्यक्ष काय करायचं. कुणाला नवीन शिकवत असाल तर रँडम नावाला भुलू नका आणि अरेबिया तर अजिबात लावू नका, बिचाऱ्याला स्काउट हलवता येत नाही तोवर घरात घोडेस्वार घुसतात. माझ्या मावसभावाला मी अरीनावर शिकवलं, तिथं प्रत्येकाच्या गावाभोवती सुरुवातीपासून दगडी भिंत असते, मेंढ्या कशा शोधायच्या हे शिकायला वेळ मिळतो. त्यातही पहिले चार-पाच गेम एकाच सीडवर खेळवले, म्हणजे डुक्कर कुठंय हे शोधण्यात त्याचं डोकं जात नव्हतं. मग सीड सोडला, मग भिंत सोडली. किंवा सरळ कॅम्पेन लावून द्या, ते मॅप तर गोष्टीसाठीच बनवलेले असतात, एज टूमध्ये २०२२ च्या डायनॅस्टीज ऑफ इंडिया या वाढीव भागात राजेंद्र चोळाचं कॅम्पेन आहे, नवीन माणूस त्यात जास्त रमतो.

दोन खेळाडूंमध्ये फार फरक असेल तेव्हा मला वाटतं अनोळखी मॅप बरा, कारण बनवलेल्या मॅपवर ज्यानं दोनशे गेम खेळलेत त्याला प्रत्येक झुडूप माहीत असतं आणि नवीन माणूस तिथंच हरतो. नवीन जमिनीवर निदान दोघंही चाचपडतात, जुना खेळाडू तरीही जिंकतोच, पण त्याला डोकं लावावं लागतं. उलट दोघं तोडीस तोड असतील आणि खरंच कोण भारी हे ठरवायचं असेल, एकाच गेममध्ये, तर हातानं बनवलेला सरळ आरशासारखा मॅप घ्या, नंतर कुणाला सोन्याचं कारण सांगता येणार नाही.

आणि वेळ किती आहे ते बघा. ब्लॅक फॉरेस्टही रँडमच आहे, पण त्याची स्क्रिप्ट असं जंगल पेरते की वाट एखाददुसरीच राहते, ती बंद केली की सगळे दोन तास आत बसून फौज जमवतात आणि मग कुणीतरी सीज ओनेजर (दगडफेकीचं यंत्र) घेऊन झाडंच पाडत येतो. आमच्या ग्रुपचा त्यावर एक गेम पहाटे अडीचपर्यंत चालला होता, शेवटी एकाच्या घरची लाइट गेली म्हणून संपला. कोण जिंकलं यावर अजून वाद आहे.

सध्या आम्ही भांडण मिटवायला पाळी लावलीये, मागच्या वेळी जी टीम हरली तिच्यातला एक जण मॅप सांगणार. या शनिवारी पाळी टोरोंटोवाल्याची आहे. त्यानं जेवता जेवता नोमॅड सांगून टाकलंय, म्हणजे टाउन सेंटरच नाही, ३ व्हिलेजर तीन दिशांना फेकलेले, घर कुठं बांधायचं इथपासून सुरुवात.